लोखंडाला काचेचा अंगरखा



आपली कशेडी मोठ्या मजेशीर जागी बसली आहे. घाटाच्या एका अंगाला उतरलं की पोलादपूर आणि पुढे महाडची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला उतरलं की खेड आणि लोट्याची एमआयडीसी. दोन्हीकडे रसायनांचे कारखाने. आपल्या वाड्यांतली मुलं काही इकडे उतरतात, काही तिकडे. रात्री पाळीवरून उशिरा येतात, कपड्यांना वास येतो, आपण ते वेगळे भिजत घालतो. पण तिथे ती नेमकं काय करतात हे आपण फारसं विचारत नाही. विचारलं तर "काही नाही गं, भांड्यावर असतो" एवढंच उत्तर मिळतं.

आज त्या भांड्याबद्दलच बोलायचं आहे. भांडं म्हटलं की विषय आपलाच झाला.

माझ्या माहेरी एक ताटली होती. पांढरीशुभ्र, कडेला निळी रेघ, मुंबईच्या चाकरमान्यांनी गणपतीला येताना आणलेली. एनॅमलची. तुमच्याही घरात असेल, नाहीतर मग असेल, टमरेल असेल. आमच्या घरात तिला भलता मान. कारण पितळेच्या भांड्यात ताक कळकायचं, लोखंडी कढईत कोकमाचं सार काळं पडायचं, आणि ही ताटली मात्र आंबट, खारट काहीही ठेवा, ढिम्म. पुढे कुणाच्या तरी हातून ती न्हाणीच्या दगडावर पडली. कडेचा टवका उडाला, आत काळसर निळा डाग दिसायला लागला, आणि दोन पावसाळ्यांत त्या डागाच्या मधोमध तांबेरा धरला. बाकी ताटली जशीच्या तशी. तेव्हा मला कळलं की ही मुळात चिनी मातीची नाहीच, आत लोखंड आहे.

बरोबर, आत पोलादाचा पातळ पत्रा आणि बाहेर काच. रंग नाही, काच. एनॅमल म्हणजे पोलादाच्या अंगावर वितळवून चिकटवलेली काच.

आता काच कशासाठी? त्यासाठी आधी गंज म्हणजे काय ते बघू. आपण घर बांधायला जांभा आणतो तो तांबडा का असतो? त्यात लोखंडाचा गंज असतो म्हणून. लोखंड जमिनीत सापडतं ते बहुतेक अशाच गंजलेल्या रूपात. माणूस भट्टी लावून, कोळसा जाळून त्यातला प्राणवायू काढून घेतो आणि लोखंड करतो. ते लोखंड पुन्हा जांभ्याकडे जायची वाट बघत असतं. त्याला फक्त पाणी आणि हवा लागते. आणि आपल्याकडे पावसाळ्यात या दोन्हींची काय कमी? महाड-पोलादपूरला वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. कोयता ओला ठेवला तर दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडा.

अल्युमिनियमवर सुद्धा एक प्रकारचा गंज चढतो, पण तो घट्ट बसतो आणि आतल्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत. पोपडा सुटतो, आतलं लोखंड पुन्हा उघडं पडतं, पुन्हा गंज. म्हणून लोखंडाला कायम काहीतरी घालावं लागतं. रंग लावतो, पण रंगातून ओल हळूहळू आत जाते. पत्र्यांवर जस्त चढवतात, ते स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. पण आम्लापुढे जस्ताचं काही चालत नाही. आम्लापुढे टिकायला काच लागते. लोणचं आपण बरणीत का घालतो?

हे काचेचं पांघरूण चढवतात कसं, ते मात्र ऐकण्यासारखं आहे. वाळू, बोरॅक्स म्हणजे आपली टाकणखार, फेल्स्पार नावाचा दगड, सोडा असं सगळं मिसळून साधारण बाराशे अंशांवर वितळवतात. तो लालभडक रस तसाच पाण्यात ओततात. तडतड करत त्याचे बारीक तुकडे होतात. ते तुकडे थोडी चिकणमाती आणि पाणी घालून गिरणीत दळतात. घावनाच्या पिठाइतकं पातळसर सरबरीत झालं की त्यात पत्र्याचं भांडं बुडवतात किंवा त्यावर फवारतात. वाळवतात. मग भट्टीत आठशे ते साडेआठशे अंशांवर काही मिनिटं. भुकटीची पुन्हा काच होते आणि ती अंगभर पसरते.

पण काच लोखंडाला सहज धरत नाही. यातली खरी युक्ती पहिल्या थरात आहे. त्यात कोबाल्ट नावाच्या धातूची थोडी राख म्हणजे ऑक्साइड घालतात, कधी निकेलचंही. भट्टीत असताना त्यामुळे पोलादाचा पृष्ठभाग बारीक बारीक खरवडल्यासारखा होतो आणि काचेचे जणू पाय त्यात रुततात. कोबाल्टचा रंग गडद निळा. म्हणून पहिला थर निळा-काळा दिसतो, आणि पांढरा थर त्याच्यावर दुसऱ्या भाजणीत चढतो. माझ्या आईच्या ताटलीचा टवका उडाल्यावर दिसलेला काळसर निळा डाग म्हणजे हा अस्तराचा थर.

दुसरी युक्ती थंड होताना. तुमच्यातल्या ज्या वयाने मोठ्या आहेत त्यांनी लोहाराला बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिलं असेल. लोखंडी धाव लालबुंद तापवायची, लाकडी चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं. धाव आक्रसते आणि चाकाला गच्च आवळते. इथे तसंच आहे. पोलाद काचेपेक्षा थोडं जास्त आक्रसतं. त्यामुळे भांडं निवलं की काच कायम आवळलेल्या अवस्थेत राहते. काच दाबली तर खूप सोसते, ताणली की फुटते. आवळून ठेवल्यामुळे ती रोजची उष्णता, थोडाफार धक्का सहन करते. पण ठोका बसला, पत्रा वाकला, किंवा तापलेल्या भांड्यावर एकदम गार पाणी पडलं, की हे गणित बिघडतं आणि टवका उडतो.

आणि एक गंमत सांगते, आपल्याला समजेल अशीच. भांडं भट्टीतून निघालं, निवलं, छान झालं म्हणून मांडून ठेवलं, आणि दोन दिवसांनी आपोआप टिकटिक आवाज करत त्यावरून अर्धचंद्राच्या आकाराच्या कपच्या उडायला लागतात. या दोषाला जगभर माशाचे खवलेच म्हणतात. कारण असं की भट्टीतल्या ओलाव्यातून हायड्रोजन वायू तापलेल्या पोलादात शिरतो. तापलेलं पोलाद तो पोटात ठेवतं, गार पोलादाला तो ठेवता येत नाही. वायू बाहेर यायला बघतो, वर काचेचं झाकण, मग दाब वाढत जातो आणि झाकण उडतं. यावर उपाय म्हणून एनॅमलसाठी पोलादच वेगळं बनवायला लागले, कार्बन अगदी कमी असलेलं आणि आत हायड्रोजनला अडकून बसायला बारीक जागा ठेवलेलं. काचेचा दोष घालवायला लोखंड बदलावं लागलं, हे मला फार आवडतं.

हे काम आपल्या महाराष्ट्राला नवं नाही. कराडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंनी १९१६ साली काचेचा कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील माहीत नाही असं घर त्या काळी कोकणात नसेल. त्या कारखान्यात काचेबरोबर एनॅमलचंही काम होत असे. जुन्या स्टेशनांवरच्या, दुकानांवरच्या, घरनंबरांच्या निळ्या-पांढऱ्या पाट्या आठवतात? ऊनपावसात पन्नास वर्षं टांगलेल्या असतात आणि अक्षर पुसलेलं नसतं. ती एनॅमलची करामत.

आता ताटलीवरून कारखान्यातल्या भांड्यावर येऊ. औषधं, रंग, कीटकनाशकं बनवताना हायड्रोक्लोरिक आम्लासारखे पदार्थ तापवून ढवळावे लागतात. हे आम्ल स्टेनलेस स्टीललाही खातं. नुसत्या काचेचं भांडं पाच हजार लिटरचं कोण करणार? म्हणून पोलादाचा मोठा हंडा आणि आतून एनॅमल. अमेरिकेत फॉडलर नावाच्या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी काचेचं अस्तर दिलेली भांडी केली, आणि ती कशासाठी, तर बिअर आंबवण्यासाठी. औषधांचे कारखाने नंतर. आपल्या देशात गुजरातमध्ये करमसदला १९६२ साली सुरू झालेली कंपनी अशी भांडी करते, आणि इतरही करतात. आपली मुलं त्यांना जीएलआर म्हणतात, नाहीतर नुसतं "ग्लास लाईन". आतला रंग बहुतेक वेळा गडद निळा. काचेची जाडी किती? एक ते दोन मिलिमीटर. चार-पाच वेळा, कधी जास्त वेळा थर देऊन भाजून तेवढी होते. ढवळणारा दांडाही काचेने मढवलेला. बाहेरून आणखी एक पोलादी कवच असतं, त्याला जॅकेट म्हणतात, त्यातून वाफ किंवा पाणी फिरवून भांडं तापवतात, निववतात.

म्हणजे लोखंड खाणारं आम्ल आणि लोखंड यांच्यामध्ये फक्त चिंचोक्याच्या टरफलासारखा एक थर. तो आहे तोवर वीस वर्षंही भांडं चालतं. त्याला टाचणीएवढं भोक पडलं की काय होतं, ते दात किडतो तसं होतं. दातावरच्या टणक थरालाही एनॅमलच म्हणतात, आणि तो बाहेरून दिसायला ठीक असतो, एक काळा ठिपका फक्त, आत पोकळी केवढी झालेली असते ते ठणका लागल्यावर समजतं. तसं आम्ल त्या भोकातून आत शिरतं आणि काचेच्या मागून पोलाद पोखरत जातं. काचेचा आधार गेला की आणखी काच ढासळते.

माझ्या चुलत नणंदेचा मुलगा अशा एका भांड्यावर काम करतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, मुलाचंही सांगत नाही, आणि तुम्ही ओळखलंत तरी बोलू नका. गेल्या वर्षीची गोष्ट. रात्रपाळी संपत आलेली, भांडं रिकामं, हा वरच्या मॅनहोलचे बोल्ट घट्ट करायच्या गडबडीत. हातातून पाना सुटला आणि आत पडला. टण्ण आवाज झाला. याने दोरीला लोहचुंबक बांधून पाना काढला, बॅटरी मारून पाहिलं, काही दिसलं नाही. झाकण लावलं आणि घरी आला.

दुपारी तो आमच्या ओटीवर येऊन बसला. जेवला नाही असं त्याची आई म्हणाली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "मामी, तू शाळेत विज्ञान शिकवायचीस ना? काचेला पाना लागला आणि तडा दिसत नसेल, तर तडा नाही असं धरायचं का?"

मी सगळं काढून घेतलं. मग त्याला दाताचं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. तो म्हणाला, "मी कंत्राटी आहे. सांगितलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. त्या भांड्याची किंमत माझ्या दहा वर्षांच्या पगारात बसणार नाही." यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही, हे कबूल करते. घरात कमावणारा तो एकटा. सांग म्हणणं मला सोपं होतं, माझी पेन्शन येते. मी एवढंच म्हटलं, की उद्या त्या भांड्याखाली कोण उभा असणार ते तू मला सांग. त्याने एक नाव घेतलं. आपल्याच वाडीतलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो पाळीला गेला तेव्हा भांड्यात आम्ल घेऊन झालेलं होतं. नमुना काढला तर जो द्रव पाण्यासारखा हवा तो पिवळट. पोलाद आम्लात उतरायला लागलं की असा रंग येतो. केमिस्ट विचारात पडलेले, कच्चा माल खराब आला असेल म्हणत होते. तेव्हा हा पुढे झाला आणि बोलला.

भांडं रिकामं केलं, धुतलं, आतली हवा तपासली आणि माणूस उतरवला. उघड्या डोळ्यांना सहज दिसत नाही म्हणून एक यंत्र वापरतात. ब्रशसारखं असतं, त्यात जास्त दाबाची वीज सोडतात आणि काचेवरून फिरवतात. काच वीज जाऊ देत नाही. जिथे भोक असेल तिथे पोलादाकडे निळी ठिणगी उडते. तळाच्या वळणाशी ठिणगी उडाली. चिंचोक्याएवढी जागा होती, आणि आतून पोलाद पोखरायला लागलं होतं. तिथे टँटलम नावाच्या धातूची खुंटी आणि टेफ्लॉनचं वायसर बसवून दुरुस्ती झाली. टँटलमलाही हे आम्ल सहसा खात नाही. भांडं पुन्हा चालू झालं. कळलं नसतं तर आम्ल जॅकेटपर्यंत जाऊन पोचलं असतं. पोलाद आणि आम्ल भेटलं की हायड्रोजन सुटतो, आणि तो पेटतो. पुढचं मी सांगायला नको.

याची नोकरी राहिली. तीन दिवसांचा पगार कापला, आणि दोन महिने ओव्हरटाइम दिला नाही. मला विचाराल तर तो दंड चुकीचा होता. पाना पडला याचा दंड एक वेळ समजू शकते. पण सांगितल्याचा दंड झाला, असं बाकीच्या मुलांनी त्यातून घेतलं, आणि पुढच्या वेळी दुसरा कोणी बोलणार नाही. शिवाय तीन वर्षं तो त्या भांड्यावर होता. आत काच आहे हे त्याला ठाऊक होतं, पण ती काच गेली तर काय होतं हे कोणी बसवून सांगितलेलं नव्हतं. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या प्रक्रिया चालतात तिथल्या कामगारांना त्या धोक्याची माहिती द्यायची, आणि धोका दिसला तर कामगाराने तो वरिष्ठांच्या नजरेस आणून द्यायचा, हे त्यात लिहिलं गेलं. कागदावर लिहून आता किती वर्षं झाली बघा.

तर मैत्रिणींनो, घरातला माणूस किंवा मुलगा "भांड्यावर" असेल तर जेवायला वाढताना चार गोष्टी विचारा. तो विचारलं म्हणून चिडेल, चिडू दे. भांड्यात उतरताना बूट कसले घालतात? खिळ्यांचे नकोत, मऊ तळाचे हवेत. आत चिकटलेला माल काढायला लोखंडी खरवडणी वापरतात का? लाकडाची किंवा प्लॅस्टिकची हवी. बाहेरच्या अंगाला हातोडी मारतात का, वेल्डिंग करतात का? आतली काच बाहेरच्या ठोक्यानेही उडते. गरम भांड्यात एकदम गार माल ओततात का? आणि जॅकेट साफ करायला आम्ल सोडतात का? हे शेवटचं अनुभवी माणसांच्याही लक्षात येत नाही. जॅकेटमधल्या आम्लाने तयार झालेला हायड्रोजन पोलादातून आरपार जातो आणि आतल्या बाजूची काच ढकलून उडवतो. मघाचे माशाचे खवले, तेच, फक्त वीस लाखांच्या भांड्यात.

काच सगळ्यालाच पुरून उरते असंही नाही. हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खातं. गरम कॉस्टिकही हळूहळू खातं. त्यामुळे आम्लात टिकलेलं भांडं धुताना कॉस्टिकने झिजवलं, असंही होतं.

घरातलं थोडं सांगते. हल्ली बंब जाऊन साठवणीचे गीझर आले आहेत. दुकानदार "ग्लास लाईन टाकी" म्हणून सांगतो. तीच ही एनॅमलची टाकी. पण या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, तिच्याबद्दल तो सांगत नाही. कुठे एनॅमलला बारीक भोक राहिलं असेल तर तिथलं पोलाद गंजण्याऐवजी ही कांडी झिजते. ती संपली की टाकीची पाळी. म्हणून दोन-तीन वर्षांनी मेकॅनिकला ती उघडून बघायला सांगा. बोअरवेलचं पाणी असेल तर आणखी लवकर. कांडीची किंमत टाकीपुढे काहीच नाही. एनॅमलची जुनी भांडी वापरत असाल तर आतून टवका गेलेल्यात आंबट शिजवू नका, ठेवू नका. आणि काथ्याने, राखेने घासा, तारेने नको.

घरांच्या स्लॅबचे पोपडे पडतात त्याची तक्रार तर प्रत्येकीची आहे. आतली सळई गंजली की फुगते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि सिमेंट फुटतं. खाडीची खारी वाळू वापरली असेल तर बघायलाच नको. अमेरिकेत सळईवर एनॅमल चढवून पाहिलंय, आणि त्या एनॅमलमध्ये सिमेंटचे कण मिसळलेले. तडा गेला आणि पाणी आत आलं की ते कण भिजून फुलतात, सिमेंटला धरतात. आपल्या बाजारात ती सळई अजून मिळत नाही, तेव्हा गवंड्याला वाळू धुवायला लावा आणि सळईवर पुरेसा सिमेंटचा थर ठेवायला लावा.

जुलै २०२१ च्या महाडच्या पुरात माझ्या बहिणीच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. चिखल काढायला आम्ही चार दिवस होतो. लोखंडी कपाट आठवड्यात फुगून तांबडं झालं, दार उघडेना. भंगारवाल्याने नेलं. चिखलात आमची ती माहेरची ताटली सापडली, बहीण तिच्यात तुळशीला पाणी ठेवायची. धुतली. टवक्याजागी गंज थोडा वाढलेला, बाकी निळी रेघसुद्धा तशीच.

आमचा भाचा आता पान्याला दोरी बांधून ती मनगटात अडकवतो. त्याला बघून दुसऱ्या पाळीतली दोन मुलंही अडकवायला लागली आहेत असं परवा सांगत होता. दोरी कसली म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तुझ्या नायलॉनच्या कपडे वाळत घालायच्या दोरीतली कापलीय, मामी."